खंडेनवमीची झाडलोट

उदयसिंहराव इंगळ्यांनी जन्मभर एक गोष्ट मनापासून केली असेल, तर ती म्हणजे पाहुणे यायच्या आधी जागा झाडून घेणं. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात जमादार होते. तपासणीच्या दिवशी मैदानात एक काडी दिसली तरी आजोबांच्या कपाळाची शीर कशी ताडताड उडायची, हे उदयसिंहरावांनी वडिलांकडून इतक्या वेळा ऐकलं होतं की ती शीर त्यांनी स्वतःच पाहिली असावी असं त्यांना वाटे. पुढे बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यात ते फोरमन झाले, तेव्हा त्यांच्या खात्यातल्या फरशीवर पान न घेता जेवावं, अशी कामगार थट्टा करत. थट्टा आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, ते खूशच होत.

अशा माणसाला कळलं की खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता आपल्या घरामागच्या प्लॉटवर तीस माणसं येणार आहेत, आणि आपल्या लेकीचं सगळंच त्या तीस माणसांवर अवलंबून आहे. मग तो स्वस्थ कसा बसेल?

लेक, म्हणजे शलाका, रोपं आणि छापलेली पत्रकं आणायला आदल्या दुपारीच मांजलपूरला भावाच्या घरी गेली होती आणि रात्री तिथेच राहणार होती. तिची रिक्षा कोपऱ्यावरून वळायचा अवकाश, उदयसिंहराव रोजंदार मजूर उभे असतात त्या कडियानाक्यावर गेले आणि दोन दणकट माणसं घेऊन आले. संध्याकाळपर्यंत आणि पुन्हा उजाडल्यापासून तिघं राबले. प्लॉटभर चार वर्षं अंथरलेला वाळलेल्या पानांचा थर त्यांनी खरवडून काढला. उताराला आडवे खणलेले चर मातीने भरून टाकले, कारण पाहुण्यांपैकी कोणाचा पाय मुरगळला तर? केळींच्या भोवतीचा ओला कचरा, चराच्या बांधावरचं गवत, कुठून तरी उगवलेली तूर, सगळं गेलं. बावीस पोती भरली. पावणेआठला पालिकेचा टेम्पो आला, गाणं वाजवत उभा राहिला आणि बावीसच्या बावीस पोती घेऊन गेला.

मग उदयसिंहरावांनी चुना आणवला आणि वाटांच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या सरळ रेषा ओढल्या.

त्यांच्या पत्नी येसूबाई आदल्या दुपारपासून नवमीच्या तयारीत स्वयंपाकघर आणि देवघर यांतच होत्या, मागच्या दारी फिरकल्याच नव्हत्या. नवरात्राची नववी माळ घालून, पोथी संपवून, चहाचा कप घेऊन त्या मागच्या दारी आल्या आणि दारातच थांबल्या. समोर विघाभर, म्हणजे अर्ध्या एकराहून थोडी जास्त, जमीन अशी स्वच्छ पडली होती की ऊन तिच्यावरून डोळ्यांत घुसत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे काय करून बसलात?"

"का? छान दिसतंय ना?" उदयसिंहराव घामाने निथळत होते आणि चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा उजळला होता. "तेवढा शेवग्याखालचा तुकडा राहिलाय. दहा मिनिटांचं काम."

येसूबाईंनी चहा कट्ट्यावर ठेवला. ओसरीतली घडीची खुर्ची उचलली, शेवग्याखाली नेली, पानांच्या थरावर मांडली आणि तिच्यात बसल्या.

"ऊठ गं, तिथलं झाडायचंय."

"मी इथून उठणार नाही. शलू येईस्तोवर नाही. आणि या खुर्चीखालचं एक पान हललं, तर आज नैवेद्याचं ताट तुमचं तुम्ही वाढून घ्यायचं."

पंचावन्न वर्षांच्या संसारात हा आवाज उदयसिंहरावांनी तीनदाच ऐकला होता. त्यांनी झाडू खाली ठेवला. आपलं काहीतरी चुकलंय एवढं कळलं, पण काय ते कळेना.

*

शलाकाने गाडीतून उतरतानाच पाहिलं.

तिच्या भावाने, प्रतापसिंहाने, गाडी फाटकात लावली, डिकी उघडली, मागून त्याची लेक पूर्वी तिच्या गुलाबी अ‍ॅक्टिव्हावर जांभया देत पोचली. गरब्याहून ती रात्री दोनला आली होती आणि पायात अजून पैंजण होते. "आत्या, रोपं कुठे ठेवू?" तिने विचारलं. शलाका फाटकाला धरून उभी होती.

चार वर्षांपूर्वी ही जमीन अशीच होती, विटेसारखी. नंदेसरीच्या कंपनीतली प्रयोगशाळेची नोकरी सोडून शलाका दोन वर्षं डांगात राहिली, तिथल्या शेतकऱ्यांच्या हाताखाली शिकली आणि परत आली ती एकच वेड घेऊन, की जमीन सांभाळायची रीत शहरातल्या माणसाला शिकवायची. पुस्तकातून नाही, हाताने. दर रविवारी ती शेजारच्या सोसायट्यांतल्या बायका-पुरुषांना इथे बोलवायची. पावसाचं पाणी पळू न देता मुरवायचं कसं, स्वयंपाकघरातल्या सालपटांची माती करायची कशी, कोणत्या झाडाला कोणाचा शेजार मानवतो, हे करून दाखवायची. लोक येत, मजा घेत, कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी जात आणि पुढच्या रविवारी यायचं विसरत.

गणपतीत घरात बैठक बसली. प्रतापसिंहाचं म्हणणं होतं की प्लॉट हार्दिकभाईला द्यावा. हार्दिकभाईचे दोन पार्टी प्लॉट चालू होते, तिसरा त्याला इथे हवा होता. लग्नं होतील, नवरात्रात गरबा होईल, जमिनीवर ब्लॉक बसतील, आई-आबांना निवांत होईल. शेजारच्या सोसायटीने तर लेखी तक्रार दिली होती, की तुमच्या जंगलातून साप येतात. शलाकाचं म्हणणं एवढंच होतं, की अजून एक वर्ष द्या. शेवटी उदयसिंहरावांनी निकाल दिला. दसऱ्यापर्यंत वीस घरांनी शलाकाच्या रविवारच्या शाळेत वर्षभरासाठी नाव घातलं तर शाळा, नाहीतर पार्टी प्लॉट. "आणि घरच्यांची नावं धरायची नाहीत," प्रतापसिंहाने लगेच पुस्ती जोडली होती. "नाहीतर आई पहिलं नाव स्वतःचं घालेल."

दसरा उद्यावर आला होता. अकरा नावं झाली होती. आज येणाऱ्या तीस माणसांना शलाका तेच दाखवणार होती, जे आता तिथे नव्हतं.

उदयसिंहराव पुढे आले. चुन्याने पांढरी झालेली बोटं त्यांनी धोतराला पुसली. "आलीस? बघ, म्हटलं पाहुणे येणार, तर जरा..." त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि बोटं पुन्हा धोतराला पुसली.

"छान झालंय आबा," शलाका म्हणाली. "किती राबलात. चहा झाला का तुमचा?"

आणि ती पाण्याच्या टाकीमागे गेली. ती ओक्साबोक्शी रडली नाही, पण तिथे उभी राहून तिने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं, आणि खांदे हलत राहिले.

प्रतापसिंहाला हे दोन्ही दिसलं. टाकीमागची बहीण दिसली, आणि इकडे रिकाम्या मैदानात चुन्याच्या दोन रेषांमध्ये उभे असलेले आबा दिसले. आबांचं काहीतरी चुकलंय आणि आबांना ते कळलंय, असं दृश्य त्याने बावन्न वर्षांत पाहिलं नव्हतं. ते त्याला बघवेना.

खरं तर त्याने खूश व्हायला हवं होतं. जे त्याला म्हणायचं होतं ते आबांनी झाडूने म्हणून दाखवलं होतं. जमीन रिकामी, सपाट, पार्टी प्लॉटला तयार. त्याने आईकडे पाहिलं. येसूबाई खुर्चीत ताठ बसून होत्या.

"पोती कुठे गेली?" त्याने विचारलं.

"पालिकेच्या टेम्पोत," येसूबाई म्हणाल्या.

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास. गाणं अजून ऐकू येतंय बघ, पलीकडल्या सोसायटीत असेल."

"पूर्वी, चावी दे."

"पप्पा, कार घेऊन जा ने. अ‍ॅक्टिव्हात पेट्रोल..."

"बोळात कार वळत नाही. चावी दे म्हणतो ना!"

आणि नंदेसरीच्या कारखान्यात चारशे माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी सांभाळणारे प्रतापसिंह इंगळे, पूजेचा पिवळा कुर्ता, कपाळाला कुंकू, पायाशी झेंडूच्या माळांची पिशवी अशा थाटात गुलाबी अ‍ॅक्टिव्हावरून कचऱ्याच्या गाण्यामागे निघाले. हेल्मेट मात्र त्यांनी घातलं होतं.

*

तिसऱ्या सोसायटीच्या फाटकापाशी टेम्पो सापडला. चालवणारी बाई खाली उतरून मागची फळी लावत होती. मंदा तिचं नाव. रावेरकडची, पंधरा वर्षं बडोद्यात. अ‍ॅक्टिव्हा आडवी घालून उतरलेल्या या नवरदेवाला तिने खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"शुं थयुं साहेब? दागिना टाकला का चुकून कचऱ्यात?"

"पानं पाहिजेत," प्रतापसिंह धापा टाकत म्हणाले.

"कोणती पानं?"

"वाळलेली. मघाशी दिली ती. बावीस पोती."

मंदाने टेम्पोच्या टपावर हात टेकला. "म्हणजे तुम्ही मराठीच. साहेब, मी सहा वर्षं हा टेम्पो चालवते. कचरा टाकायला लोक धावत येतात. परत मागायला धावत आलेले तुम्ही पहिले."

"द्या ना ताई. उशीर होतोय."

"देते की. पण डेपोवर वजन कमी भरलं तर सुपरवायझर विचारणार. मी काय सांगू? एका साहेबाला पानं आवडली म्हणून?" ती हसत होती, पण फळी काही उघडत नव्हती. "कशाला पाहिजेत ते तरी सांगा."

प्रतापसिंहांनी तोंड उघडलं. त्यांना वाटलं, आपल्याला काय ठाऊक? हे शलूचं खूळ. पण शब्द येऊ लागले. चार वर्षं दर गुरुवारी आई-आबांकडे जेवताना तेच तेच ऐकलं होतं, नाक मुरडत, मोबाइल बघत, मध्येच "पुरे गं, भाजी वाढ" म्हणत. ते सगळं कुठेतरी आत जाऊन बसलं होतं.

"ते असं आहे," ते म्हणाले, "पानं म्हणजे जमिनीचं पांघरूण. उघड्या जमिनीवर ऊन पडतं, ती तापते, तिच्यातला ओलावा उडतो. मग पाऊस आला की थेंब डोक्यावर आपटतात आणि वरची चांगली माती वाहून जाते." रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी कामगारांसमोर बोलायची सवय त्यांच्या अंगात होती, आवाज आपोआप चढला. "हे बघा, हेल्मेट कशासाठी असतं? डोकं वाचवायला. मग जमिनीचं हेल्मेट म्हणजे ही पानं. तुम्ही आम्ही रोज सकाळी उठून तिचं हेल्मेट काढून फेकतो आणि वर म्हणतो, झाडं का वाढत नाहीत!"

मंदाचं हसणं थांबलं होतं. "आमच्या खोलीमागे एक लिंबू आहे," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. फुलतं आणि सगळी फुलं गळतात."

"खाली काय असतं? बुंध्याशी?"

"काही नसतं. मी रोज झाडते. एकदम चकचकीत."

"तिथेच चुकतंय!" प्रतापसिंहांनी अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर थाप मारली. "आधी भरपूर पाणी घालायचं. मग त्याच्यावर पानं, चांगला वीतभर थर. कारण ती बसतात, चार बोटंच उरतात. आणि बुंध्याला चिकटवायची नाहीत, जरा लांब ठेवायची, नाहीतर साल कुजते. आणि महिनाभराने थर उचलून खाली बघा. गांडुळं दिसली तर समजा जमलं."

"तुम्ही शेतीवाले का?"

"मी?" प्रतापसिंह गडबडले. "मी नंदेसरीला केमिकल कंपनीत आहे."

मंदाने फळीची कडी घट्ट केली, चढून बसली आणि टेम्पो सुरू केला. "पुढे व्हा. स्कूटरवर बावीस पोती कशी नेणार तुम्ही? सुपरवायझरला मी बघून घेईन. मला ते पाणी आणि पानं घालतात कसं, ते डोळ्यांनी बघायचंय."

*

इकडे नऊ वाजले आणि माणसं आली.

सगळ्यांत पुढे पीयूषभाई, शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सापाच्या तक्रारीवर सही करणारे. फाटकातून आत पाऊल टाकताच त्यांनी दोन्ही हात पसरले. "अरे वाह काका! आ तो जोरदार थई गयुं! एकदम चोख्खुं! बस, हेच पाहिजे होतं. सांगा ने, मग आमची तक्रार कशाला आली असती?"

मागची माणसंही माना हलवू लागली. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला. उदयसिंहरावांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने ते कौतुक खिशात घातलं असतं. त्यांना मात्र लेकीच्या डोळ्यांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

शलाका तोंड धुऊन आली होती. बोलायला काही नव्हतं. पत्रकात छापलेले चर नव्हते, आच्छादन नव्हतं, केळीचं आळं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. येसूबाई खुर्चीत, खुर्ची पानांत, आणि आईचे डोळे तिला काहीतरी सांगत होते. आईने फक्त आपली पावलं वर उचलून दाखवली.

शलाकाला लख्खकन कळलं.

"पीयूषभाई," ती म्हणाली, "जुलैत तुमच्या पार्किंगमध्ये किती पाणी होतं?"

"विचारू नको बेन. गुडघ्यापर्यंत. बे गाड्या गेल्या."

"आणि इथे?"

पीयूषभाईंनी आठवून पाहिलं. "इथे नव्हतं," ते सावकाश म्हणाले. "मी भिंतीवरून बघत होतो ने. इथे नव्हतं."

"का नव्हतं ते दाखवते. तुम्ही जरा त्या भिंतीपाशी उभे राहा. आबा, डोल भरून देता?"

"देत नाही," उदयसिंहराव म्हणाले. "ओततो मीच."

त्यांनी बादली भरली, मैदानाच्या वरच्या टोकाला नेली आणि सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. फोरमन असताना पाळीच्या सुरुवातीला जसे उभे राहत तसे.

"थांबा. आधी एक सांगतो," ते म्हणाले. "ही जमीन अशी नव्हती. माझ्या मुलीने चार वर्षं घालून तिला चांगलं पांघरूण घातलं होतं, चर खणले होते. मी काल दुपारपासून ते सगळं काढून टाकलं. तुम्ही येणार म्हणून. मला वाटलं, मी तिला मदत करतोय. चार वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही, की बाई, तू हे करतेस ते कशासाठी. ही माझी चूक आहे. आता बघा."

त्यांनी बादली उपडी केली. पाणी झाडलेल्या जमिनीवर पडलं, क्षणभर थबकलं आणि धावत सुटलं. वाटेत चुन्याच्या रेषा पुसत, माती उचलत, तपकिरी-पांढरं होत ते थेट भिंतीपाशी पोचलं आणि पीयूषभाईंच्या नव्या चपलांत शिरलं.

"अरे! अरे, आ तो..." पीयूषभाईंनी एक पाय उचलला, मग दुसरा. मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे त्यांचं पार्किंग होतं. "ए, हे तर आमच्याकडे जातं!"

"एका बादलीचं एवढं," शलाका म्हणाली. "आता पूर्ण प्लॉटवर ब्लॉक बसवून पाऊस पाडा."

दुसरी बादली उदयसिंहरावांनी शेवग्याखाली ओतली, बायकोच्या खुर्चीपाशी. येसूबाईंनी पावलं वर घेतली. पाणी पानांवर पडलं, चुबुक असा आवाज झाला आणि दिसेनासं झालं. तिसरी ओतली. चौथी पीयूषभाईंनी स्वतः येऊन ओतली, ओली चप्पल हातात धरून. माणसं वाकून बघू लागली.

"गेलं कुठे?" एका बाईने विचारलं.

"प्यायली," येसूबाई म्हणाल्या. "तहानलेली असते ती. आपण विचारत नाही."

त्यानंतर व्याख्यानाची गरज उरली नाही. शलाकाने पावडी आणि कुदळी वाटल्या आणि म्हणाली, की भरलेले चर पुन्हा काढायचेत, उतार कुठे आहे ते पाण्यालाच विचारायचं. माणसांनी बाह्या सारल्या. इतके महिने ती ज्यांना रविवारी या म्हणून विनवत होती, ते लोक आता कोणी कुठे खणायचं यावर भांडत होते. आबांनी झाडून ठेवलं नसतं, तर ही माणसं चर बघून, मान हलवून, चहा पिऊन गेली असती. हे शलाकाच्या मनात आलं आणि तिला एकदम हसू फुटलं.

तेवढ्यात गाणं वाजवत टेम्पो आला. पुढे अ‍ॅक्टिव्हावर प्रतापसिंह, हात वर करून रस्ता मोकळा करत होते.

बावीस पोती उतरवायला बावीस माणसं धावली. कोणी पाणी मारलं, कोणी पानं पसरली. मंदा ओचा खोचून मध्येच उभी राहिली आणि पीयूषभाईंना म्हणाली, "भाई, बुंध्याला चिकटवू नका. साल कुजते. जरा लांब."

शलाकाने वळून पाहिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"यांनी नाही का? जमिनीचं हेल्मेट म्हणाले."

शलाकाने भावाकडे पाहिलं. प्रतापसिंह एका रिकाम्या पोत्याची फार काळजीपूर्वक घडी घालत होते.

*

अकराच्या सुमाराला पूर्वी वही घेऊन कट्ट्यावर बसली. वहीत घराचं नाव, माणसाचं नाव आणि शेवटी एक रकाना होता, 'शाळेबद्दल कोणाकडून कळलं?' तो तिने कॉलेजातल्या पाहणीच्या फॉर्मसारखा हौसेने आखला होता. लोक हात धुऊन नाव घालत होते आणि शेवटच्या रकान्यात 'शलाकाबेन' लिहीत होते. पीयूषभाईंनी तर सोसायटीचा ओला कचरा रोज पाठवायचं कबूल केलं, सापाचं काय करायचं तेही शिकवा म्हणाले.

रांग संपली. पूर्वीने मोजलं, पुन्हा मोजलं.

"आधीची अकरा धरून एकोणीस," ती म्हणाली.

येसूबाईंनी मुलाकडे पाहिलं. शलाकाने पाहिलं नाही. ती पावड्याची माती काडीने काढत बसली.

"एकोणीस काय आणि वीस काय," येसूबाई म्हणाल्या.

"अट ती अट," उदयसिंहराव म्हणाले. सगळ्यांत जास्त वाईट त्यांनाच वाटत होतं, पण दिलेला शब्द जमादाराच्या नातवाला मोडता येईना. "घरच्यांचं नाव धरायचं नाही, हे प्रतापने घातलं आणि मी मान्य केलं."

प्रतापसिंहांच्या खिशातला फोन थरथरला. हार्दिकभाई. त्यांनी तो वाजू दिला. जिंकलो, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. काही वाटेना. आपणच घातलेलं ते एक वाक्य आता जिभेवर कडू लागत होतं, आणि ते परत घ्यायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"माझं चालेल का?" मंदाने विचारलं. ती टेम्पोच्या पायरीवर बसून येसूबाईंनी दिलेला साबुदाणा वडा खात होती. "का सोसायटीच लागते? आमची एक खोलीच आहे, मागे लिंबाएवढी जागा. पण रविवारी मला सुट्टी असते."

पूर्वी ताडकन उठली. पैंजण वाजले. "घर म्हणजे घर! आबा, घर म्हणजे घर ने?"

"घर म्हणजे घर," उदयसिंहराव म्हणाले आणि त्यांना खुर्ची शोधावी लागली.

पूर्वीने नाव लिहून घेतलं. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. "कोणाकडून कळलं? आत्याकडून लिहू?"

"नाही ना. या साहेबांकडून. मला तर त्यांनीच शिकवलं."

पूर्वीने बापाकडे पाहिलं, ओठ दाबले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पप्पा'.

मग जो हशा उठला तो पीयूषभाईंच्या पार्किंगपर्यंत गेला असेल. येसूबाई तर डोळे पुसत होत्या. फोन पुन्हा वाजला. प्रतापसिंहांनी या वेळी उचलला. "हा हार्दिकभाई... ना, ना, प्लॉट नहीं मळे. भराई गयो... कोणाला? वीस घरांना." त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

दुपारी देवघरासमोर पाट मांडला. दरवर्षीप्रमाणे उदयसिंहरावांनी जमादारांची तलवार म्यानातून काढली, पुसली, पाटावर ठेवली. मग ते क्षणभर घुटमळले, बाहेर गेले आणि दोन पावडी, एक कुदळ घेऊन आले. धुवायला निघाले तसं शलाका म्हणाली, "राहू दे आबा, माती असली तर चालते." त्यांना ते जड गेलं, तरी त्यांनी ऐकलं. मातीसकट अवजारं तलवारीच्या शेजारी बसली. झेंडूच्या माळा अ‍ॅक्टिव्हावर चुरगळल्या होत्या, त्या तशाच घातल्या.

आरती झाली. सगळे पानावर बसायला उठले. प्रतापसिंह मात्र बहिणीपाशी रेंगाळले.

"शलू."

"काय दादा?"

"ते बुंध्यापासून पानं लांब ठेवायची म्हणतेस ना, ती नक्की किती लांब? मी त्या मंदाताईंना नुसतं 'जरा' म्हणालो. त्या आज घरी जाऊन घालणार. कमी-जास्त झालं तर लिंबू जाईल त्यांचं."

"चार बोटं," शलाका म्हणाली.

"चार," प्रतापसिंहांनी स्वतःची बोटं नीट जुळवून पाहिली. मग ते दाराकडे वळले, पायात चपला घातल्या. "वाढून ठेव माझं. मी त्यांना डेपोवर गाठून सांगून येतो."